'मिटवून घे' हे नेहमी खालच्यालाच का?

३ ऑक्टोबर २०२३. नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्याआधीच्या अठ्ठेचाळीस तासांत ३१ रुग्ण दगावले होते. पहिल्या चोवीस तासांतच २४ मृत्यू झाले आणि त्यांत १२ नवजात बाळे होती. औषधांचा तुटवडा, रिकामी पदे, खाटांपेक्षा जास्त रुग्ण, खासगी दवाखान्यांनी शेवटच्या घटकेला पाठवून दिलेली बाळे अशी कारणे सांगितली जात होती. सारा मराठवाडा संतापला होता आणि तो संताप रास्त होता. त्या दिवशी हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील रुग्णालयात आले. शौचालये घाण होती. खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू दिला आणि सगळ्यांच्या देखत, कॅमेऱ्यासमोर, त्यांना शौचालय साफ करायला लावले. ती दृश्यफीत काही तासांत राज्यभर पोहोचली. डॉक्टरांच्या संघटनांनी निषेध केला. खासदारांवर सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल झाला.

"बरं झालं, कुणीतरी जाब विचारला," असे तेव्हा पुष्कळ लोक म्हणत होते. मला त्यांचे म्हणणे पटले नाही, आजही पटत नाही. जाब विचारायचा तर प्रश्न लागतो आणि समोरच्याला उत्तर द्यायला अवसर लागतो. सफाई कामगारांची मंजूर पदे किती, भरलेली किती? औषधांची मागणी कधी पाठवली, ती कोणत्या टेबलावर अडली? हे प्रश्न विचारायला खासदाराजवळ लोकसभा होती, जिल्हा नियोजन समिती होती, मंत्र्यांच्या दालनाचे दार होते आणि वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी होता. एवढी साधने हाताशी असताना त्यांनी झाडू निवडला. त्यामुळे पुढचे कित्येक दिवस बाळांची चर्चा मागे पडली आणि झाडूची सुरू राहिली. रिकाम्या पदांचा आणि औषधखरेदीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाला आपणहून हाती घ्यावा लागला. बळ असलेल्या माणसाने कामाच्या जागेवरचा वाद अपमानाने सोडवायला घेतला, की मूळ प्रश्न असाच हरवतो. अपमान झालेला माणूस चूक दुरुस्त करायच्या मनःस्थितीत उरत नाही. तो आधी स्वतःला वाचवतो, कागद सावरतो आणि खालच्यावर ढकलतो.

या प्रसंगात आणखी एक गोष्ट होती, तिच्याबद्दल फारसे कुणी बोलले नाही. झाडू हातात देणे म्हणजे शिक्षा, हे देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि पाहणाऱ्यांना न सांगताच कळले. मग जी बाई रोज पहाटे येऊन कंत्राटदाराच्या तुटपुंज्या पगारावर तशीच शौचालये धुते, ती कोणत्या गुन्ह्याची शिक्षा भोगते आहे? "एवढ्या मोठ्या डॉक्टरला असलं काम?" असा निषेध करताना आपणही त्या बाईला कमीच लेखले. याच नांदेडात, सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात, चांगल्या घरची माणसे आपण होऊन परक्यांचे जोडे पुसतात आणि लंगरची भांडी घासतात. ज्या गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये या भूमीवर देह ठेवला, त्यांनी १६९९ मध्ये आनंदपूरला पाच प्याऱ्यांना अमृत दिले आणि लगेच त्या पाचांपुढे हात जोडून त्यांच्याकडून स्वतः अमृत घेतले. परंपरा सांगते की त्या पाचांतले भाई साहिबसिंग आपल्या शेजारच्या बिदरचे, न्हाव्याचे काम करणारे. शीख पंथात चुकलेल्याला जोडे पुसण्याची, भांडी घासण्याची शिक्षा देतात, बड्या राजकीय पुढाऱ्यांनाही देतात, हे खरे आहे. पण तिथे आधी आरोप वाचून दाखवतात, कबूल आहे का ते विचारतात आणि मग पाचजण मिळून निर्णय देतात. विष्णुपुरीत यातले काहीच झाले नाही.

त्याच आठवड्यात प्रसूत मुलगी आणि तिचे बाळ गमावलेल्या एका वडिलांच्या तक्रारीवरून अधिष्ठात्यांवरही गुन्हा दाखल झाला. दोष कुणाचा, ते न्यायालय ठरवील. मला दिसते ते एवढेच, की खासदारापुढे हतबल असलेला माणूस त्या वडिलांच्या दृष्टीने दरवाजाआडचा बडा साहेब होता. आपण जवळजवळ सगळेच असे मधल्या पायरीवर उभे असतो. आपल्याला कोण दाबते ते पक्के आठवते. आपण कुणाला दाबतो ते आठवत नाही. म्हणून पुढचे लिहिणे फक्त मंत्री-खासदारांसाठी नाही. ते मुख्याध्यापकासाठी आहे, मेट्रनबाईंसाठी आहे, आडत दुकानाच्या मुनीमासाठी आहे आणि घरकामाच्या मावशींना "उद्यापासून येऊ नका" म्हणणाऱ्या आपल्यासाठीही आहे.

आपल्या भागात कामावरचे भांडण कसे मिटते, ते पाहा. विनाअनुदानित शाळेतला एक शिक्षक घ्या, असे शेकडो आहेत. अनुदान आज येईल, उद्या येईल, या आशेवर त्याची दहा-बारा वर्षे गेली. पुढे पगार खात्यावर जमा होऊ लागला, पण त्यातला काही भाग रोखीने परत द्यावा लागतो. तो एकदा, नम्रपणेच, विचारतो. दुसऱ्या दिवशी त्याचे वेळापत्रक बदलते. आठवड्याने कारणे दाखवा नोटीस येते. मग एका संध्याकाळी गावातली दोन वजनदार माणसे घरी येतात, चहा घेतात आणि सांगतात, "सर, कशाला वाढवता? संस्थेचं नाव खराब होतंय. आपली संस्था म्हणजे एक कुटुंब. दादांना भेटा, पाया पडा, विषय संपवा." ती माणसे वाईट नसतात. शांतता राहावी, असेच त्यांना मनापासून वाटत असते. पण त्या शांततेची किंमत एकट्या शिक्षकाने भरायची असते. वाड्यावर जाऊन "दादा, सरांना भेटा, पैसे परत करा, विषय संपवा" असे सांगायला ती दोघे कधी जात नाहीत.

माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे. ज्यांची ताकद सारखी नाही अशा दोघांना "आपसात मिटवा" म्हणणारा माणूस तटस्थ नसतो. तो न बोलता बलवानाच्या बाजूला जाऊन बसलेला असतो. सारख्या ताकदीच्या दोन आडत्यांत व्यवहारावरून वाजले, तर जरूर मध्यस्थी करावी. दोघेही दोन पावले मागे येतील. पण पाडव्याला साल ठरवून, उचल घेऊन राहिलेला सालगडी मालकाशी भांडतो, तेव्हा मागे यायला त्याच्याजवळ जागाच नसते. घेतलेली उचल फिटेपर्यंत त्याला निघून जाता येत नाही, आणि हे मालकाला ठाऊक असते. लातूरच्या डाळमिलमधल्या मजुराचे, क्लासच्या वसतिगृहात राबणाऱ्या स्वयंपाकीणबाईचे, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आणि पुढच्या वर्षी नाव यादीत राहील की नाही या चिंतेतल्या प्राध्यापकाचे तेच. यांना "समजूतदारपणे घे" सांगणे म्हणजे गप्प बस सांगणे.

या सवयीची मुळे खोल आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि दौऱ्यावर आलेल्या अंमलदारासाठी गावाने वेठबिगार पुरवायची, हा इथला रिवाज होता. मुक्तिलढ्याचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ त्याआधी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करत होते. मालक आणि मजूर यांच्यातला प्रश्न त्यांना त्या कामातून आधीच माहीत होता. निजाम गेला. पण साहेब आला की उभे राहायचे, साहेब चुकला तरी "जी" म्हणायचे आणि साहेब गेल्यावर तोच आवाज शिपायावर काढायचा, ही रीत आपल्या कचेऱ्यांत आणि संस्थांत टिकून राहिली.

यावर उपाय काय? चांगले वागा, प्रेमाने बोला, असा उपदेश पुरेसा नाही. बलवानाच्या चांगुलपणावर सोडलेला न्याय त्याच्या मर्जीपुरताच टिकतो. काही कायद्यांनी मात्र हा प्रश्न फार नेमका ओळखला आहे आणि आपण ते कायदे नीट वाचत नाही, याचे मला वाईट वाटते.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधातला २०१३ चा कायदा घ्या. त्यात समेटाची सोय आहे, पण कशी? समेटाची मागणी पीडित महिलेने स्वतः केली तरच. तक्रार ऐकणारी समिती तिला समेट सुचवून गळ घालू शकत नाही, वरिष्ठ तर नाहीच. आणि पैसे देऊन समेट करता येत नाही. चौकशी चालू असताना तिने लेखी मागितले, तर समिती तिची किंवा आरोपीची बदली सुचवू शकते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याने तिचा गोपनीय अहवाल लिहू नये, ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावे, अशी शिफारसही करू शकते. नोकरी केलेल्या माणसाला गोपनीय अहवाल म्हणजे काय, ते सांगायला नको. साहेबाचा राग शिव्यांतून निघतो तेवढा तर निघतोच, पण उरलेला मार्चअखेरीस त्या अहवालात उतरतो. कायद्याने तिथे लेखणीच काढून घेण्याची वाट ठेवली आहे. दहा किंवा जास्त माणसे काम करतात तिथे अशी समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान जागेसाठी आणि घरकामगार महिलांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. नांदेड-लातुरातल्या खासगी दवाखान्यांत, क्लासेसमध्ये, कापडाच्या दुकानांत त्या जागेची स्वतःची समिती नुसत्या फलकापुरती आहे की खरीच बसते, ते तिथे काम करणाऱ्या मुलींना विचारून पाहावे.

हीच दोन तत्त्वे कामावरच्या प्रत्येक असमान भांडणाला लावावीत, असे माझे म्हणणे आहे. तडजोडीचा शब्द पहिल्यांदा खालच्याच्या तोंडून यावा, वरच्याने किंवा त्याच्या माणसांनी तो काढू नये. आणि वाद निकाली निघेपर्यंत वरच्याच्या हातातली शिक्षेची साधने, म्हणजे अहवाल, बदली, वेळापत्रक, हजेरीपटावरची लाल शाई, दुसऱ्याकडे जावीत.

खासगी शाळांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा महाराष्ट्राचा कायदा पाहा. राजीनामा द्यायचा असेल तर शिक्षकाने तो दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही आणि तारीख घालावी, एक प्रत व्यवस्थापनाला नोंदणीकृत टपालाने पाठवावी आणि दुसरी आपल्याजवळ ठेवावी, असे त्यात आहे. शाळेतच बसणारा माणूस शेजारच्या खोलीत राजीनामा टपालाने का पाठवील? कारण नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवायची आणि गरज पडली की वर मजकूर लिहायचा, हा प्रकार सर्वांना ठाऊक होता. टपाल कचेरीच्या शिक्क्याने शिक्षकाच्या इच्छेला साक्षीदार मिळतो. काढून टाकलेल्या शिक्षकाला तीस दिवसांत न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. किती शिक्षकांना हे ठाऊक आहे? ज्या पुढाऱ्यांनी शिक्षक संघटनांच्या मेळाव्यांत वर्षानुवर्षे भाषणे केली, त्यांनी हे एक कलम मोठ्या अक्षरांत छापून वाटले असते तरी पुष्कळांचे संसार सावरले असते.

तसाच १९६९ चा माथाडी कायदा. हमालाची मजुरी व्यापाऱ्याने मर्जीने त्याच्या हातावर टेकवायची नाही. माथाडी मंडळाकडे भरायची आणि हमालाने ती मंडळाकडून घ्यायची. पैसे देणारा आणि पैसे घेणारा यांच्यामध्ये मंडळ उभे केले, त्यामुळे "तोंड वर करून बोललास, आता मजुरी पुढच्या बाजारी" असे म्हणायची सोय राहिली नाही. जिथे हे मंडळ नीट चालते तिथला हमाल दराबद्दल उघड बोलतो. जिथे नोंदणीच होत नाही तिथे तो आजही मुनीमाच्या चेहऱ्याकडे पाहून बोलतो.

वीस किंवा जास्त कामगार असलेल्या जागी तक्रार निवारण समिती हवी, असे औद्योगिक कायदा सांगतो. तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारखे असावेत आणि अध्यक्षपद एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे फिरावे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत तर असेही आहे, की कामगारांच्या निम्म्याहून अधिक प्रतिनिधींची संमती नसेल, तर बहुमत असूनही तो निर्णय झाला असे मानायचे नाही. ही कल्पना आपल्याला परकी वाटायचे काही कारण नाही. निलंगा-उदगीरच्या पलीकडे बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात बिज्जल राजाचे मंत्रिपद सांभाळणाऱ्या बसवेश्वरांनी तिथल्या अनुभवमंटपात चर्मकार, परीट, दोर वळणारे यांना बरोबरीने बसवले, आणि अध्यक्षाचे आसन स्वतः न घेता अल्लमप्रभूंना दिले. लातूर जिल्ह्यात बसवजयंतीच्या मिरवणुका मोठ्या निघतात. मिरवणुकीला वर्गणी देणाऱ्या किती उद्योजकांनी आपल्या कारखान्यात एक वर्ष कामगाराला अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवले आहे, हे मी अतिशय गांभीर्याने विचारतो आहे.

यावर "शिस्त राहणार नाही" हा आक्षेप येतो. कामचुकार माणसे असतात, खोट्या तक्रारीही होतात, हे मी नाकारत नाही. शौचालय घाण राहिले असेल तर त्याची जबाबदारी कुणाची तरी आहेच आणि ती ठरली पाहिजे. पण शिस्त लावायला गर्दी लागत नाही. बंद खोलीत, कारण लिहून, उत्तराला मुदत देऊन मेमो देता येतो. त्यावर दंड करता येतो, कामावरून काढताही येते. असे लिहून केलेले काम प्रामाणिक वरिष्ठालाही वाचवते, कारण खोट्या तक्रारीपुढे त्याच्याजवळ दाखवायला कागद असतो. चारचौघांत आवाज चढवणारे साहेब कडक असतात, अशी आपली समजूत आहे. माझ्या मते त्यांच्याजवळ कारण लिहिण्याइतकी तयारी नसते.

दुसरा आक्षेप लहान दुकानदारांचा. लातूरच्या गंजगोलाईतल्या चार नोकरांच्या दुकानात कुठून आणायची समिती? नको समिती. पण मध्यस्थ नोकराला मान्य असलेला हवा. मालकाचा मेहुणा नको. एवढे तर कुणालाही पाळता येईल.

मधल्या माणसांशी मला वेगळे बोलायचे आहे. पर्यवेक्षक, मुकादम, मेट्रन, विभागप्रमुख. वरून निरोप येतो आणि तो पोहोचवायला तुम्हाला पाठवले जाते. तुमचीही नोकरी आहे, हे खरे. पण निरोप पोहोचवण्याआधी वर जाऊन एक वाक्य बोलता येते: "साहेब, त्याचं म्हणणं एकदा लेखी घेऊ या." यात बंड काही नाही. यामुळे त्या एकट्या माणसाची बाजू कागदावर येते, आणि एकदा कागदावर आलेली गोष्ट दडपणे वरच्यालाही जड जाते. सहकाऱ्यांनी तर एवढे करावे, की बोलावणे आलेल्या माणसाबरोबर केबिनच्या दारापर्यंत जावे. त्याला आत एकटे पाठवू नये.

आणि ज्याच्यावर वेळ आली आहे त्याने रागाच्या भरात फोनवर लिहिण्याआधी तारीखवार टिपण ठेवावे: काय बोलले, कोण हजर होते. तोंडी आदेश आला तर "आपण सांगितल्याप्रमाणे" असे लिहून त्याची पोच घ्यावी. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे; महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि औद्योगिक कामगारांना तिथे मोफत वकील मिळतो. अपमान गिळून घरी बायको-मुलांवर तो काढण्यापेक्षा त्या कचेरीची पायरी चढावी.

पहिले पाऊल मात्र वरच्यानेच टाकायचे आहे, कारण ते टाकून त्याचे काही बुडत नाही. जूनमध्ये शाळा-महाविद्यालये उघडतात तेव्हा नांदेड-लातूरच्या संस्थाचालकांनी पहिल्याच बैठकीत कार्यवृत्तात असा ठराव लिहावा: तक्रार करणाऱ्याचा अहवाल तक्रार ज्याच्यावर आहे तो लिहिणार नाही; तक्रार निकाली निघेपर्यंत त्याची बदली त्याने स्वतः मागितल्याशिवाय होणार नाही; समेटाचा विषय व्यवस्थापन काढणार नाही; आणि कुणाचीही कानउघाडणी विद्यार्थी, रुग्ण किंवा गिऱ्हाईक यांच्यासमोर होणार नाही. हाच ठराव दवाखान्यांनी, पतसंस्थांनी, डाळमिलच्या मालकांनी घ्यावा. त्याची एक प्रत प्रत्येक कर्मचाऱ्याला द्यावी, कंत्राटी सफाई कामगारालाही. कंत्राटदार नको म्हणाला तर त्याच्या करारात ही अट घालावी आणि बिल मंजूर करताना ती तपासावी.